पूल दारात आला, चढायचं कुठून?

ग्रुप: आपली सोसायटी, मुलुंड पश्चिम (फक्त कामाचे मेसेज)
रविवार

ए-१०३ सेक्रेटरी, सकाळी ८:१२
टाकी धुवायची आहे. १० ते १२ पाणी बंद. बादल्या भरून ठेवा. नंतर फोन करू नका.

बी-६०२ दादा, ८:१९
फोटो
काल रात्री गोरेगाव-मुलुंड लिंक रोडच्या पुलाचा अजून एक गर्डर चढवला. दीड वाजता क्रेन आली, पहाटे चारला काम संपलं. झोपेचं खोबरं झालं, पण गॅलरीतून बघायला मजा आली.

सी-३०४, ८:२१
वा वा! म्हणजे आता गोरेगाव २५ मिनिटांत!!

ए-४०१ काका, ८:२६
कुठलं २५ मिनिटांत? हा आपल्याकडचा पूल हेडगेवार चौकावरून खिंडीपाड्याकडे जातोय. त्याच्या पुढे डोंगर. डोंगरातला बोगदा २०२८ला होईल म्हणतायत. तोवर पूल चढायचा, खिंडीपाड्याला उतरायचं, चहा घ्यायचा आणि घरी यायचं.

बी-६०२ दादा, ८:२७
काका, चहा चांगला मिळतो तिथे.

ए-४०१ काका, ८:२७
म्हणून तर म्हटलं.

बी-२०१ वहिनी, ८:३४
मला एक सांगा. हे ७५ मिनिटांवरून २५ मिनिटं म्हणतात ते कुठून कुठे? माझी आई गोरेगाव पूर्वेला. मी दर रविवारी डबा घेऊन जाते. मागच्या रविवारी ह्यांनी गाडी काढली. जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) मेट्रो ६ चे खांब आणि पत्रे, गांधीनगरलाच अर्धा तास गेला. एकूण १ तास ४० मिनिटं. तेव्हापासून मी लोकलने घाटकोपर, मेट्रोने अंधेरी, पुन्हा लोकल आणि शेवटी रिक्षा. चार वाहनं बदलताना अळूच्या फदफद्याचं काय होतं ते विचारू नका.

सी-७०२ ताई, ८:३६
वहिनी, डबा जिपलॉकमध्ये घालून मग पिशवीत.

बी-२०१ वहिनी, ८:३७
घातला होता. पिशवी धुतली दोनदा.

ए-४०१ काका, ८:५१
वहिनींचा प्रश्न रास्त आहे, कागदावर मांडून बघितलं. पूर्ण रस्ता १२.२ किलोमीटर. पश्चिम द्रुतगतीवर गोरेगावच्या ओबेरॉय मॉलपासून इकडे पूर्व द्रुतगतीवर ऐरोली जंक्शनपर्यंत. त्यात नॅशनल पार्कच्या पोटातून जाणारा जुळा बोगदा ४.७ किलोमीटर आणि फिल्मसिटीत पेटी बोगदा १.६. म्हणजे ६.३ किलोमीटर जमिनीखालून. तिथे ना सिग्नल, ना रिक्षा, ना म्हैस. ताशी ६० ने धरलं तरी साडेसहा मिनिटांत पार. उरले सहा किलोमीटरला थोडे कमी, त्यांना साडेअठरा मिनिटं. ताशी १९ चा वेग झाला. म्हणजे २५ चा आकडा ज्याने काढला त्यालाही दोन्ही टोकांना काय होणार ते माहीत आहे. आणि २५ मिनिटं हायवे ते हायवे. आपल्या गेटपासून नाही.

बी-६०२ दादा, ८:५३
काका रविवारी सकाळी गणितं सोडवतात 🙏

ए-४०१ काका, ८:५३
काकू माहेरी गेल्यात.

बी-५०३, ८:५८
मंडळी, एक लक्षात घ्या. लिंक रोड सुरू झाला की आपला एरिया कुठल्या कुठे जाणार. पश्चिम उपनगरातली गिऱ्हाईकं इकडे येतील. आत्ता कोणी विकायची घाई करू नका. माझ्याकडे पार्टी आहेच.

सी-२०३, ९:०१
विकू नका आणि पार्टी आहे, दोन्ही एकाच मेसेजमध्ये?

बी-५०३, ९:०२
हा मेसेज डिलीट केला गेला आहे

ए-३०२, ९:०४
मी भाडेकरू आहे, मला बोलायचा हक्क आहे की नाही माहीत नाही. पण रस्ता २०२८ला आणि भाडं आत्तापासून वाढणार असेल तर कृपया पुलाचं कौतुक हळू आवाजात करा.

सी-७०२ ताई, ९:१०
झाडांचं कोणी बोलतच नाही. २०२५ला सुप्रीम कोर्टाने फिल्मसिटीतली ९५ झाडं तोडायला परवानगी दिली होती, ती तर सुरुवात होती. पार्कच्या खालून बोगदा, वर जंगल तसंच, हे बरोबर आहे. पण तोंडं उघडतात तिथे जंगल नाही असं कोण म्हणेल? खिंडीपाड्याला कॉलेजात असताना आम्ही मोर बघितलेत.

सी-३०४, ९:१२
ताई, तुमची मुलगी रोज गोरेगावला जाते ना?

सी-७०२ ताई, ९:१३
जाते. म्हणून झाडांचं बोलू नये का मी?

सी-३०४, ९:१४
तसं नाही म्हटलं हो. सॉरी.

ए-१०३ सेक्रेटरी, ९:१५
टाकी १० वाजता.

बी-२०१ वहिनी, ९:२२
काका, ते राहिलंच. आपण चढायचं कुठून? आपल्या गल्लीतून पुलावर जायला वाट आहे का? की खालून सोनापूरपर्यंत जाऊन वळून यायचं? सोनापूरला मेट्रो ४ चं स्टेशनही होतंय. तिथला सिग्नल आत्ताच तीनदा लाल होतो.

बी-६०२ दादा, ९:२४
हां, हे खरं. परवा मीच उत्साहाने बायकोला म्हणालो, बघ आपल्या खिडकीतून पूल. ती म्हणाली, खिडकीतून चढणार का?

ए-४०१ काका, ९:३५
नेमकं हेच. मी १९८६ पासून मुलुंडला आहे. ऐरोली पूल झाला १९९९ला. लोक म्हणाले, आता नवी मुंबई हाकेवर. झालीही, पण पुलाकडे पोचायलाच जास्त वेळ लागायला लागला. अंधेरीचं आठवा. गोखले पूल नव्याने बांधला आणि शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना! दोन पूल एकमेकांना भेटेनात, मग जुनाच उचलून जुळवला. पूल बांधता येतो हो. त्याला टोक जोडणं हे खरं काम. आणि आपलं टोक म्हणजे आपलीच गल्ली.

सी-२०३, ९:३८
अजून एक. ऐरोली नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून कारना टोल नाही. काटई नाका ते ऐरोली रस्ता, पारसिक डोंगरातल्या बोगद्यासकट, पूर्ण झाला की डोंबिवली-कल्याणच्या गाड्याही थेट ऐरोलीला उतरतील. तिथून सरळ आपल्या लिंक रोडवर. आपण एकटेच २५ मिनिटांची वाट बघत नाही.

बी-६०२ दादा, ९:३९
अख्खा ठाणे जिल्हा आपल्या गॅलरीखालून.

सी-३०४, ९:४०
पण रस्ता झालाच नाही तर? जेव्हीएलआरवरच सगळ्यांनी मरायचं? नकारात्मक बोलायला सोपं असतं. मी अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीत २२ वर्षं जातोय. माझी मुलं माझ्याशिवाय मोठी झाली, त्यातली निम्मी वर्षं मी पवईत उभा होतो.

ए-४०१ काका, ९:४४
नकारात्मक नाही रे बाबा. व्हायलाच हवा. ७५ मिनिटांचा प्रवास म्हणजे त्याच १२ किलोमीटरला ताशी दहाचाही वेग नाही, शाळेतला पोर सायकलवर पुढे जाईल. मी एवढंच म्हणतोय की फीत कापायच्या आधी विचारू. कापल्यावर विचारलं तर पेढा हातात देतात आणि उत्तर देत नाहीत.

ए-१०३ सेक्रेटरी, ९:४७
बरं. आता कामाचं. मंगळवारी पालिकेच्या टी वॉर्ड ऑफिसात नकाशा बघायला जायचं का? प्रश्न तीनच. आपल्या गल्लीला चढ-उतार आहे का, पुलाखाली सर्व्हिस रोड किती रुंद, आणि रुंदीकरणात आपली कंपाउंड वॉल येते का. चौथा प्रश्न काढू नका, तिथे बसायला दोनच खुर्च्या असतात.

सी-७०२ ताई, ९:४९
मी येते. चौथा माझा. पुलाखाली पार्किंग होणार की झाडं लावणार?

ए-१०३ सेक्रेटरी, ९:५०
म्हटलं होतं चौथा नको.

ए-४०१ काका, ९:५०
मी पण. उभा राहीन.

सी-३०४, ९:५१
मंगळवारी मी पवईत असेन. फोटो पाठवा.

बी-२०१ वहिनी, १०:०६
मी निघाले. आज फदफदं नाही, कोरडी बटाट्याची भाजी आणि पोळ्या. संध्याकाळी सातच्या सुमाराला गोरेगावहून गाडीने इकडे येणारं कोणी आहे का? आईकडे आपले चार रिकामे स्टीलचे डबे साठलेत आणि ती एक फणसही देणार आहे. फणस घेऊन घाटकोपरचा जिना मला जमणार नाही.

बी-६०२ दादा, १०:०८
मी दिंडोशीला भाच्याच्या वाढदिवसाला आहे. सातला निघू. साडेआठपर्यंत पोचू.

ए-४०१ काका, १०:०९
नऊ धरा.

ए-१०३ सेक्रेटरी, १०:१०
पाणी बंद केलंय. कोणाच्या बाथरूममध्ये नळ उघडा राहिलाय? बी विंगच्या पाइपमधून आवाज येतोय.