प्रतिसाद: आपल्याच नागपुरात दोन दिवस पाहुणे म्हणून

नागपूरकरानेच आपल्या शहरात दोन दिवस पाहुण्यासारखं राहायचं तर कुठे उतरावं, या प्रश्नावर वर स्टेशनजवळचं स्वस्त लॉज घ्या असं सांगितलंय. हा सल्ला परगावच्या माणसाला ठीक. नागपूरचा पत्ता असलेलं आधार कार्ड दाखवलं की बरेच लॉजवाले ‘लोकल आयडी चालत नाही’ म्हणून परत पाठवतात. असा कायदा नाही, तो त्यांचा स्वतःचा नियम. म्हणून आधी फोन करून नेमकं तेवढंच विचारा आणि पैसे हॉटेलात देण्याचा पर्याय निवडा. आगाऊ भरले की परताव्यासाठी भांडत बसा! रेल्वे स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमचंही वर कुणी सुचवलंय, पण तिला कन्फर्म किंवा आरएसी रेल्वे तिकिटाचा पीएनआर नंबर लागतो.

मुक्काम सीताबर्डीलाच बरा. मेट्रोच्या दोन्ही लाइन तिथे एकमेकींना छेदतात. ऑरेंज लाइनवर पुढचंच स्टेशन झिरो माईल. झिरो माईल स्मारकाचे चार घोडे आणि दगडी खांब तिथून पायी. अॅक्वा लाइनने पूर्वेला मूर्तिकारांच्या चितार ओळीला उतरा, गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत तर नक्कीच. ओल्या मूर्तींमधून वाट काढावी लागते. सोमवार मात्र टाळा, अजब बंगला (मध्यवर्ती संग्रहालय) बंद असतो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, आत जायचं तर 26 जानेवारी, 1 मे किंवा 15 ऑगस्ट गाठा.