एसीएल (गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट) पूर्ण फाटलंय, पण लगेच ऑपरेशन नको आहे. सल्ला हवा

धागाकर्ता: फुटबॉल खेळताना वळलो आणि गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेलं दिसतंय, गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) शाबूत आहे. सूज बरीच उतरलीय, पण पाय अजून पूर्ण सरळ होत नाही. सर्जन म्हणतात ऑपरेशन करून टाका, फिजिओ म्हणतात आधी तीन महिने व्यायाम करून बघा. वय तिशीच्या आत. काय करावं?

फिजिओ_मी_पण: तुमच्या फिजिओंच्या बाजूने मत. स्वीडनमध्ये 121 तरुण, खेळत्या रुग्णांवर चाचणी झाली, 2010 मध्ये निष्कर्ष आले. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत फारसा फरक नव्हता, आणि थांबलेल्यांपैकी 39 टक्के लोकांनीच ऑपरेशन करून घेतलं.

पण सध्या ऑपरेशनचा विचार बाजूला ठेवा, आधी गुडघा सरळ करा. टाचेखाली उशी घ्या, गुडघ्याखाली काही नको, पाय सैल सोडून पडून राहा. मग गुडघ्यामागे टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू जागा होतो. दुखापतीनंतर हा स्नायू अक्षरशः संपावर जातो आणि सगळं घोडं तिथेच अडतं. लंगडणं थांबलं की सायकल, स्क्वॉट, पायरी चढउतार, एका पायावर तोल. धावणं त्याच्या बरंच नंतर. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर व्यायाम जास्त झाला, एक पायरी मागे या.

गुडघा मध्येच अडकून बसत असेल, हलवताच येत नसेल, तर मात्र थांबू नका. गादीचा तुकडा मध्ये आलेला असू शकतो, लगेच सर्जनकडे जा.

जुना_बॅकपेडलर: थोडा विरोधी सूर लावतो. माझा गुडघा व्यायाम करूनही जिना उतरताना दगा द्यायचा, शेवटी ऑपरेशन केलं. ब्रिटनमधल्या चाचणीत (2022) जुन्या दुखापतीनंतर गुडघा असा निसटणाऱ्यांना ऑपरेशनचा फायदा जास्त दिसला. दर वेळी निसटताना गादी फाटायचा धोका असतो. त्यामुळे ‘थांबायचं’ याचा अर्थ मनाला येईल तितकं ताणायचं असा नाही.

फिजिओ_मी_पण: पटलं. म्हणूनच फुटबॉल, बॅडमिंटन असे वळणाचे खेळ तोवर बंद. पुढे दोन्ही पायांच्या ताकदीत 10 टक्क्यांपेक्षा कमी फरक उरला आणि एका पायावर उडी मारताना गुडघा डगमगला नाही, तरच त्यांचा विचार.

धागाकर्ता: निसटत नाही अजून. मग तीन महिने व्यायाम, सर्जनना तसं कळवतो. पोहलं तर चालेल का?

फिजिओ_मी_पण: पाय सरळ झाला की चालेल, पण पाय वरखाली मारतो तेवढंच. बेडकासारखी लाथ सध्या नको.