प्रतिसाद : वाखाऊमधील द्राक्षे आणि जर्दाळू

एकाच कुटुंबाने द्राक्षमळा आणि फळबाग दोन्ही सांभाळल्यास कशाकडेच धड लक्ष राहत नाही, हे वरील मत ऑस्ट्रियातील वाखाऊपुरते तरी मला पटत नाही. युनेस्कोने २००० साली जागतिक वारसा यादीत घेतलेल्या या डॅन्यूबकाठच्या खोऱ्यात, उतारावर बिनचुन्याच्या दगडी बांधांनी तोललेल्या पायऱ्यांवर रीसलिंग व ग्रूनर वेल्टलिनर या द्राक्षजातींचे वेल असतात आणि जर्दाळूची झाडे बहुधा खालच्या सपाट जमिनीत असतात. जर्दाळू जुलैच्या सुमारास उतरतो, द्राक्षतोडणी शरद ऋतूत येते. त्यामुळे घरचेच हात दोन्हीकडे वापरता येतात. खरी धास्ती वेगळीच आहे : जर्दाळू लवकर फुलतो आणि एप्रिलमधील एखादी गोठवणारी रात्र सगळा मोहोर जाळून टाकू शकते.