मदत हवी आहे: मानवयुक्त, पुनर्वापरी यानातून क्रायोजेनिक (अतिथंड) माल नेण्याची मागणी कशी मोजावी?

मागणीचा तक्ता करतोय. तीन गट धरलेत: द्रव हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालणारे रॉकेटचे वरचे टप्पे, द्रव हेलियमने गार ठेवायची उपकरणे आणि परत आणायचे गोठवलेले नमुने. तिन्हींची लिटरमध्ये बेरीज केली तर चित्र विचित्र दिसतंय. चुकतंय कुठे? जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १
लिटरमध्येच चुकतंय. द्रव हेलियमच्या टाकीत १ वॅट उष्णता शिरली की तासाला सुमारे १.४ लिटर उडून जाते. तेवढ्याच उष्णतेने द्रव नायट्रोजन जेमतेम २२ मिलिलिटर जातो. म्हणून आत शिरणारी उष्णता आणि किती दिवस थंड ठेवायचे, हे दोन कॉलम आधी करा. लिटर त्यातून निघतील.

पहिल्या गटापुढे सरळ शून्य लिहा. गॅलिलिओ आणि युलिसिस या शोधयानांसाठी नासाच्या स्पेस शटलच्या मालकक्षात सेंटॉर हा द्रव हायड्रोजन-ऑक्सिजनचा टप्पा बसवायचा होता. उड्डाण अर्धवट सोडावे लागले तर उतरण्याआधी त्यातले सुमारे २० टन इंधन बाहेर ओतायचे, तेही काही मिनिटांत, आणि मालकक्षाच्या पुढे माणसे बसलेली. चॅलेंजर शटलच्या अपघातानंतर जून १९८६ मध्ये तो बेत रद्द झाला. दोन्ही याने पुढे शटलमधूनच गेली, पण घन इंधनाच्या टप्प्यावर.

दुसरा गटही आटतोय. अंतराळ स्थानकासाठीच्या एएमएस-०२ या कणशोधक उपकरणाचा हेलियमवाला अतिसंवाहक चुंबक २०१० मध्ये काढून साधा कायमचा चुंबक बसवला, कारण स्थानकाचे आयुष्य वाढले आणि हेलियम काही वर्षांतच संपले असते. खरी मागणी दुरुस्तीची आहे. हबल दुर्बिणीच्या निकमॉस या अवरक्त कॅमेऱ्यातला घन नायट्रोजन थर्मल शॉर्टमुळे (उष्णतेला आत शिरायला नको ती वाट मिळाल्याने) १९९९ च्या सुरुवातीला संपला. मार्च २००२ मध्ये अंतराळवीरांनी क्रायोकूलर (गार ठेवणारे यंत्र) जोडला. हा वेगळा कॉलम हवाच.

मूळ प्रश्नकर्ता
नमुन्यांसाठी केबिनमध्येच द्रव नायट्रोजनचा ड्यूअर (थर्मासारखे भांडे) ठेवला तर?

प्रतिसाद २
कृपया नको. १० लिटर द्रवाचा सुमारे ७ घनमीटर वायू होतो आणि ड्रॅगनसारख्या यानाची केबिनच ९-१० घनमीटरची. दाब वाढतो, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडतो आणि नायट्रोजनसोबत ऑक्सिजनही बाहेर जातो. शिवाय वजनरहित अवस्थेत द्रव तळाशी बसत नाही, व्हेंटमधून (वाफ सुटायच्या तोंडातून) थेंब उडतात. ड्यूअरच्या मानेत हवेतले बाष्प गोठून बुच बसले तर आत दाब साठत राहतो. दोन बंद व्हॉल्व्हमध्ये द्रव अडकला तर नळी फुटते. अशा प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र रिलीफ लागतो.

नमुन्यांची मागणी वॅटमध्ये मोजा. पोलरसारखे फ्रीझर विजेवर उणे ८० अंश राखतात. खरं तर ते क्रायोजेनिक नव्हेच, ती हद्द साधारण उणे १५० च्या खाली सुरू होते. तक्त्यात दोन वेळा टाका: उड्डाणाआधी नमुना किती उशिरा आत ठेवता येतो आणि उतरल्यावर किती तासांत हाती मिळतो. माणसांच्या यानाला गिऱ्हाईक मिळते ते या दुसऱ्या आकड्यावर.