१,६२,००० किमी पळालेली गाडी, सर्व्हिस बुक अर्धं कोरं. सुरुवात कुठून करू?

नवी_किल्ली
सेकंड हँड पेट्रोल गाडी घेतली आहे, मॅन्युअल गिअरची. सर्व्हिस बुकात ७०,००० किमीपर्यंत सगळे शिक्के जागच्या जागी. पुढची पानं कोरी, आणि मग एकदम १,४०,००० च्या आसपासचं एक बिल, त्यावर नुसतं 'ऑइल, फिल्टर'. ज्यांच्याकडून घेतली त्यांनीही ती मधेच घेतलेली, त्यामुळे त्यांनाही काही सांगता येत नाही.

गाडी छान चालते. पिकअप ठीक, धूर नाही. एक मेकॅनिक म्हणतो, चालतीये ना, मग हात लावू नका. दुसऱ्याने एवढी यादी दिली की तेवढ्यात दुसरी गाडी येईल! सगळं एकदम करण्याइतकं बजेट नाही. क्रम कसा लावू?

ग्रीसचे_हात
पहिल्याचं ऐकू नका, दुसऱ्याचंही सगळं ऐकू नका. नोंद नाही म्हणजे काम झालेलं नाही, असंच धरून चाला. क्रम लावताना मात्र एवढंच विचारा: हा भाग गेला तर सोबत आणखी काय घेऊन जाईल?

त्या हिशेबाने पहिला मान टायमिंग बेल्टचा, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणाऱ्या रबरी पट्ट्याचा. तुमच्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन, ते आधी बघा. बेल्ट असेल तर किती किमीला किंवा किती वर्षांनी बदलायचा ते कंपनीने ठरवून दिलेलं असतं, आणि दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदलाच. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण उघडझाकीची मजुरी तीच लागते. चेन असेल तर सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिल्या काही सेकंदांत खडखड येते का ते कान देऊन ऐका.

मग कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडा, गरम असताना उकळतं पाणी अंगावर उडतं. आत तपकिरी, गंजट पाणी दिसलं तर कोणीतरी नुसतं पाणी ओतत आलंय असं समजा. नवं कूलंट रंग बघून घेऊ नका, पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचंच घ्या.

इंजिन ऑइल तर लगेच बदला, आणि पुढचे एक-दोन बदल नेहमीपेक्षा लवकर करा. दर वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघायची सवय लावा. जुनं इंजिन थोडं ऑइल पितं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पातळी किमान खुणेखाली गेलेली कळलीच नाही, तर मात्र इंजिन बसतं.

उतारावरचा
इंजिन वाचवायच्या नादात माणसं विसरू नका. आधी ब्रेक आणि टायर!

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबले की ते उकळतं आणि पेडल मऊ पडून थेट खाली जातं. नोंद नसेल तर बदलूनच टाका, स्वस्तातलं काम आहे. टायरची नक्षी खोल दिसली म्हणून भुलू नका, कडेचा चार आकडी कोड वाचा. '२३१६' म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा.

ग्रीसचे_हात
+१. हे मीच पहिलं लिहायला हवं होतं.

स्कॅनर_भाऊ
कुणाकडून तरी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र) लावून घ्या. एरर नाही एवढ्यावर खूश होऊ नका, मॉनिटर (कॉम्प्युटर स्वतः करतो त्या तपासण्या) पूर्ण झालेत का तेही बघा. बरेचसे अपूर्ण दिसले तर नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. शिवाय इंजिन फ्लश (आतला गाळ धुऊन काढणारं रसायन) मारून घ्या, आत चकाचक होईल.

ग्रीसचे_हात
भाऊ, फ्लशला माझा विरोध. आत गाळ साचला असेल तर तो सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि वर ऑइल पोचत नाही. चांगलं ऑइल लवकर-लवकर बदललं की गाळ हळूहळू निघतो.

स्कॅनर_भाऊ
कंपनीच्या पद्धतीने केला तर काही होत नाही. पण इतिहास माहीत नसलेल्या गाडीत नको, हे मान्य.

नवी_किल्ली
सगळ्यांचे आभार. आज टॉर्च घेऊन बघितलं. ऑइलचं झाकण उघडल्यावर आत तपकिरी थर आहे, पण गोळे नाहीत. कूलंट चहासारखं. मागचे दोन टायर पुढच्यांपेक्षा बरेच जुने निघाले. आणि गंमत म्हणजे टायमिंग कव्हरवर एक अर्धवट पुसलेला स्टिकर सापडला: १,१८,००० किमी, तारीख वाचता येत नाही. म्हणजे बेल्ट झालाय ना?

ग्रीसचे_हात
झाला असावा, पण तारखेशिवाय वय कळत नाही, आणि टेन्शनर बदलला का ते स्टिकर सांगत नाही. बऱ्याच गाड्यांत वरचं कव्हर थोडे बोल्ट काढले की निघतं. बेल्टवर भेगा, झिजलेले दात किंवा ऑइलचे डाग दिसले तर थांबू नका. तसं काही दिसलं नाही तरी पैसे जमताच बदला, तोवर लांबचा प्रवास टाळा.

या महिन्यात ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि मागचे टायर उरका. बिलावर किमी आणि नेमकं काय बदललं ते लिहून घ्या. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढायला सांगा. हवा अडकली तर नव्या कूलंटवरही गाडी तापते, आणि मग थर्मोस्टॅटवर (कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) आळ येतो.