छोट्या पाणी योजनेत नायट्रेट सापडले. पाणीपट्टी किती आणि कशी वाढवावी?

समिती_सदस्य:
आमची योजना 180 नळजोडण्यांची असून तिचा उद्भव एकच, म्हणजे एक विंधन विहीर आहे. गेल्या दोन तपासण्यांत नायट्रेट लिटरमागे 68 आणि 71 मिलिग्रॅम निघाले. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा 50 आहे. मोठ्या पावसानंतर नळावर घेतलेल्या एका नमुन्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतूही आढळला. पाणी दिवसाआड दोन तास सुटते, मीटर नाहीत, सर्वांना एकच ठोक पाणीपट्टी आहे आणि तिचा जवळजवळ चौथा हिस्सा दरवर्षी थकतो. नायट्रेट काढणारे संयंत्र बसवायचे तर पाणीपट्टी दुप्पट करावी लागेल, असा समितीचा हिशेब आहे. सभेत हा विषय निघताच एका बाईंनी विचारले, "खराब पाण्याचे दुप्पट पैसे कशासाठी द्यायचे?" खरे सांगायचे तर मला उत्तर सुचले नाही. अशी वाढ कोणी करून पाहिली असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

जलवाहिनी:
सभेपर्यंत थांबू नये अशी गोष्ट आधी सांगतो. ज्या घरांत वरच्या दुधावरचे तान्हे बाळ आहे, त्यांना या विहिरीचे पाणी बाळाच्या दुधात वापरू नये असे आजच कळवा. "उकळून द्या" हा सल्ला येथे उलटा पडतो, कारण उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट तसेच राहते आणि पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते. बाकीच्यांनी मात्र जंतूंसाठी सध्या पाणी अवश्य उकळावे.

आता मूळ मुद्दा. आपल्या योजनेला दोन वेगळी दुखणी आहेत आणि समितीचा हिशेब त्यांतल्या एकाचाच आहे. दिवसाआड पुरवठ्यात वाहिनी रिकामी होते, तिच्यात ओढ निर्माण होते आणि जिथे सांधा गळतो तिथूनच बाहेरचे पाणी आत शिरते. सांधा गटाराच्या कडेला असेल तर काय शिरते ते सांगायला नको. विहिरीपाशी कितीही महागडे संयंत्र बसवले तरी हा जंतूसंसर्ग त्याच्या पुढे होणार. त्यावरचा उपाय म्हणजे गळती काढणे आणि क्लोरीन नीट देणे: टाकीत किमान 30 मिनिटे संपर्क मिळून लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावे आणि शेवटच्या नळाला किमान 0.2 पोहोचावे. शेवटच्या घरी काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात डीपीडीची, म्हणजे क्लोरीन तपासण्याची, गोळी टाकली की गुलाबी रंग येतो आणि तो तक्त्याशी ताडून पाहता येतो. पाणी रंगहीनच राहिले तर क्लोरीन वाटेतच संपले असे समजावे. हे काम दुप्पट पाणीपट्टीचे नाही, रोजच्या शिस्तीचे आहे. कॅनडातील वॉकर्टन या छोट्या गावात मे 2000 मध्ये विहिरीत शेणखताचे दूषित पाणी उतरले, 7 जण दगावले आणि सुमारे 2,300 आजारी पडले. क्लोरीन मापक सतत चालू असता तर हा प्रसंग टळला असता, असे चौकशीत निष्पन्न झाले.

नायट्रेटसाठी संयंत्राआधी मिश्रणाचा विचार करावा. जवळपास 20 मिलिग्रॅमचा दुसरा उद्भव मिळाला, तर आपल्या 70 च्या पाण्याचे दोन भाग आणि त्याचे तीन भाग मिसळून 40 वर येता येते.

माजी_खजिनदार:
वरच्या उत्तराशी सहमत आहे. मी फक्त पैशाविषयी लिहितो, कारण आमच्या योजनेत आम्ही याच ठिकाणी चुकलो होतो.

संयंत्र उभारण्याचा खर्च एकदाच होतो; त्यासाठी अनुदान किंवा दीर्घ मुदतीचे कर्ज शोधता येते. चालवण्याचा खर्च मात्र दरमहा येतो, आणि त्याला पाणीपट्टीशिवाय दुसरा आधार नसतो. आयन विनिमयाचे, म्हणजे रेझिनच्या बारीक मण्यांत नायट्रेट अडकवणारे, संयंत्र घेतले तर ते रेझिन मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावे लागते, ते खारट सांडपाणी कुठे सोडायचे हाही प्रश्न उरतो, आणि नियमित तपासणीला पर्याय नाही: साधे रेझिन नायट्रेटपेक्षा सल्फेटला घट्ट धरते, त्यामुळे ते भरल्यावर धुणे लांबवले तर अडकलेले नायट्रेट सुटून बाहेरच्या पाण्यात आतल्यापेक्षाही जास्त येऊ शकते. म्हणजे पैसे वाचवण्यासाठी मीठ आणि तपासणी टाळली, तर संयंत्र नसण्यापेक्षा वाईट अवस्था होते. छोट्या योजनेत हा सारा भार 180 घरांतच वाटायचा असतो, म्हणून दरवाढ मोठी दिसते.

थकबाकी मात्र आधी धरावी. वसुली 75 टक्के असेल तर 100 रुपये हाती येण्यासाठी सुमारे 133 रुपयांची आकारणी करावी लागते, आणि तो फरक नियमित भरणाऱ्यांच्याच माथी बसतो. आम्ही एका वर्षी दर एकदम वाढवले, पैसे सर्वसाधारण खात्यात टाकले आणि ते जळालेला पंप बदलण्यात गेले. पंप आवश्यक होता, यात शंका नाही. पण लोकांनी पाणी सुधारण्यासाठी पैसे दिले होते आणि पाणी होते तसेच राहिले. पुढच्या वर्षी वसुली आणखी घसरली. नंतर आम्ही वाढ तीन टप्प्यांत केली, ती स्वतंत्र खात्यात ठेवली आणि तपासणीचा अहवाल दरमहा फलकावर लावला. वाईट आकडा आला तरी लावला.

मीटरची घाई करू नये, असे माझे मत आहे. वापराप्रमाणे चढत्या दराची पद्धत कागदावर न्याय्य दिसते, पण एका जोडणीवर तीन कुटुंबे असली की गरिबालाच वरचा दर लागतो.

एक_ग्राहक:
नायट्रेट बहुधा खतांतून आणि मलनिःसारणातून उतरते. ज्यांनी ते जमिनीत घातले त्यांनी काहीच द्यायचे नाही आणि पिणाऱ्याने दुप्पट द्यायचे, हे मला पटत नाही.

माजी_खजिनदार:
आपले म्हणणे रास्त आहे, परंतु विखुरलेल्या शेकडो शेतांतून आणि शोषखड्ड्यांतून आलेल्या नायट्रेटचा दोष एकेकावर ठेवणे फार कठीण असते. शिवाय आज खत थांबवले तरी भूजल निवळायला अनेक वर्षे लागतात. ती मागणी लावून धरावी, पण तिच्या निकालापर्यंत बाळे थांबत नाहीत.

समिती_सदस्य:
सर्वांचे आभार. तान्ह्या बाळांच्या 4 घरांना आज सायंकाळी स्वतः जाऊन सांगितले. दुप्पट वाढीचा ठराव तूर्त मागे घेत आहे. त्याऐवजी पहिल्या टप्प्यात फक्त गळती, क्लोरीन आणि तपासणी यांपुरती वाढ मांडणार आहे. दोन किलोमीटरवरच्या जुन्या विहिरीचा नमुना प्रयोगशाळेत दिला आहे. तो कमी निघाला तर संयंत्राचा विषयच कदाचित लागणार नाही. त्या बाईंना पुढच्या सभेत उत्तर देताना हातात शेवटच्या नळाची काचेची नळी असेल.