गच्चीची चावी मिळेल का?

ग्रुप: आपली चाळ (रिहॅब विंग, म्हणजे चाळ पाडून चाळकऱ्यांना मिळालेली नवी इमारत)

बुधवार

माई १४०२, सकाळी ८.१२
सेक्रेटरीसाहेब, गच्चीची चावी कोणाकडे आहे? गहू सोमवारीच भिजत घातलेत. उद्या वाटायचे, परवा पहाटे चीक शिजवून कुरडया घालायच्या. (माई सांगतायत, मी नात टाइप करतेय.)

सेक्रेटरी ९०१, ८.४०
माई, गच्ची बंदच राहणार. वर पाण्याच्या टाक्या आहेत, लिफ्टची मशीन रूम आहे, सोलर आहे. कुणी पडलंबिडलं तर कमिटीच्या गळ्याशी येईल.

माई १४०२, ८.४३
पन्नास वर्षं चाळीच्या गच्चीत घातल्या. कोण पडलं?

काका १८०१, ८.४४
मी. १९७९ ला. पतंगापायी टाकीवरून खाली. हात मोडला होता, तुम्हीच हळद लावलीत.

माई १४०२, ८.४६
तू कुरडया घालत नव्हतास.

पोरगा १७०३, ८.५१
आजी, बावीस मजल्यांवर वारा कसला असतो माहितीय का? आमची चादर खिडकीतून उडाली ती थेट सेल विंगच्या, बिल्डरने विकलेल्या फ्लॅटवाल्यांच्या, स्विमिंग पूलमध्ये. आठवडा झाला, मागायला जायची हिंमत नाही.

वहिनी ६०३, ९.०५
माई, लालबागला सगळं तयार मिळतं हो. कशाला एवढा व्याप?

माई १४०२, ९.०९
विकतची तळली की तेल पिते. आणि चीक कुठे मिळतो विकत? ह्या पोरांनी गरम चीक दूध-साखर घालून खाल्लाय, विचार त्यांना.

काका १८०१, ९.१५
रेफ्यूज एरियात घाला की. आठव्या मजल्यावर एवढी जागा रिकामी पडलीय.

सेक्रेटरी ९०१, ९.२२
ती रिकामी ठेवण्यासाठीच आहे. आग लागली तर माणसांनी तिथे येऊन थांबायचं. चोवीस मीटरच्या वरच्या मजल्यावर पहिली, मग दर सात मजल्यांनी एक. चपलांचा स्टँड ठेवला म्हणून आठव्या मजल्यावाल्यांशी माझं भांडण झालंय, त्यात आता माईंच्या साड्या अंथरू?

काका १८०१, ९.३०
म्हणजे पाणी चोवीस तास, लिफ्ट दोन, आणि दोन किलो गव्हाला ऊन नाही. चाळीत गॅलरी होती. दार उघडं टाकून झोपायचो. कुणाकडे काय शिजतंय ते वासावर कळायचं. इथं शेजारी कोण राहतं ते पार्सलवाल्याला विचारावं लागतं. चाळ ती चाळच.

वहिनी ६०३, ९.४८
काका, तुम्ही गॅलरी म्हणालात की मला गॅलरीचं दुसरं टोक आठवतं. अख्ख्या मजल्याला चार संडास. रात्री दोनला पोटात कळ आली की सासूबाईंना उठवायचं, कारण एकटीने जायचं नाही. पावसात छत्री धरून, बादली घेऊन. माझी दोन्ही बाळंतपणं त्या चाळीतली. नवव्या महिन्यात मी संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नव्हते. तुम्हाला वासावर कळायचं काय शिजतंय. मलाही कळायचं कुणाचा नवरा पिऊन आलाय आणि आता काय होणार. एकशेऐंशी फुटांच्या खोलीत आम्ही सात माणसं होतो. आता तीनशे फूट आहे, पण बाथरूमच्या दाराला आतून कडी आहे. पहिले आठ दिवस मी ती नुसती लावून बसायचे. माईंना ऊन मिळालंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण चाळ ती चाळ वगैरे मला सांगू नका.

काका १८०१, ९.५५
बरं.

पोरगा १७०३, ९.५६
वहिनी 🙏

वहिनी ६०३, १०.०२
आणि ह्याच सासूबाई अजून पहाटे चारला उठून नळ सोडून बघतात. पाणी येतं. मग पिंप नाही म्हणून कुकर, पातेली, तांब्या-भांडी सगळं भरून ठेवतात.

नाना ११०४, दुपारी १.२०
आत्ता वाचलं. चष्मा सापडत नव्हता. सासूबाईंना हसू नका. मिल बंद झाल्यावर माझंही तेच झालं होतं. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला. आम्ही अडीच लाखांच्या घरात कामगार, सगळ्यांना वाटलं महिन्या-दोन महिन्यांत परत जाऊ. भोंगा थांबला. तुम्हाला भोंगा म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. अख्खं गिरणगाव त्यावर उठायचं, जेवायचं. घड्याळ घरात होतं पण ते शोभेला. भोंगा नाही तरी मी पहाटे उठून डबा मागायचो. बायको म्हणायची, कुणाला दाखवायला भरू? तीन वर्षांनी फोर्टात एका ऑफिसात शिपाई म्हणून लागलो. तिथे साहेबाने पहिल्या दिवशी सांगितलं, हळू बोला. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात पंधरा वर्षं ओरडून बोललेला माणूस मी, मला हळू म्हणजे किती ते कळेना. अजून बायको म्हणते फोनवर ओरडू नका.
एल्फिन्स्टन स्टेशनचं २०१८ ला प्रभादेवी झालं, तिकीट मागताना तोंडात अजून एल्फिन्स्टनच येतं. २०२५ च्या सप्टेंबरात वरचा पूलही बंद झाला, मंगळवारी सिद्धिविनायकाला जायचं तर बस वळसा घालते. वळशाची सवय झाली. खिडकी मिळाली तर बरंच वाटतं. नावाची नाही झाली. कशाची होते आणि कशाची नाही, ते आपल्या हातात दिसत नाही.
फक्त ते गेटचं अॅप माझ्या फोनवरून काढा. माझा सख्खा भाऊ काल अर्धा तास खाली उभा होता, मी कुठलं बटण दाबलं तर त्याला ‘नाकारलं’ गेलं.

सेक्रेटरी ९०१, १.४४
नाना, संध्याकाळी येतो. अॅप काढत नाही, शिकवतो.

नाना ११०४, १.४५
मग येऊ नका.

पोरगा १७०३, दुपारी ४.३५
माई, पोडियमचं बघितलं. सकाळपासून दर अर्ध्या तासाने खाली डोकावतोय, घरून काम आहे आज. आपली विंग पूर्वेला, सेल टॉवर पश्चिमेला, मध्ये पोडियमची मोकळी फरशी. साडेदहाला ऊन उतरतं, दीडच्या सुमारास टॉवरची सावली येते. तीन तास. पण ते तीन तास खणखणीत. सूर्य आता जवळजवळ डोक्यावर असतो. मेच्या मध्यावर तर मुंबईत शून्य सावली दिवस असतो, भरदुपारी उभ्या खांबाची सावलीसुद्धा त्याच्या बुडाशीच राहते.

माई १४०२, ४.५०
चाळीत आठ ते पाच ऊन होतं. दोन दिवसांत खडखडीत. तीन तासांत अर्ध्या ओल्या राहतील, त्यात आपली दमट हवा. वास धरतील.

वहिनी ६०३, ५.०४
साडीवर घालूच नका. परातीत, ताटात, सुपात घाला. दीड वाजला की उचलून आत, रात्री पंख्याखाली. चार दिवस लागतील. सोऱ्याची बारीक जाळी लावा, जाड नको.

माई १४०२, ५.११
बारीक जाळीची कुरडई फुलत नाही गं तेवढी.

माई १४०२, ५.२६
बघते.

सेक्रेटरी ९०१, ५.४०
पोडियमला कमिटीची हरकत नाही. परातींसाठी सामानाची लिफ्ट वापरा. फरशीवर चीक सांडला तर तेव्हाच पुसून घ्यायचा, वाळला की खरवडावा लागतो. (हे मला कसं माहीत विचारू नका, आमच्या आईकडेही होतं.) कबुतरांचं मात्र तुमचं तुम्ही बघा.

काका १८०१, ५.४२
चाळीत कावळे होते. दोरीला काळं कापड बांधलं की यायचे नाहीत. कबुतर कापडाला भीत नाही, त्याच्यावरच बसतं.

नाना ११०४, ५.५८
साडेदहा ते दीड मी बसतो. काठी आहेच. नाहीतरी घरात टीव्ही.

शुक्रवार

माई १४०२, सकाळी ७.३०
चीक झालाय. पोरांनी वाट्या घेऊन या. दार उघडं आहे.

वहिनी ६०३, ७.३१
माई, लिफ्टमधून वास येतोय.

पोरगा १७०३, ११.०५
[फोटो] तीन पराती, दोन सुपं, एक नाना.

माई १४०२, ११.१०
मधल्या परातीतल्या पुंजका झाल्यात. हात थरथरतो आता. त्या घरात खाऊ.

सेक्रेटरी ९०१, ११.२०
नाना, ती प्लास्टिकची खुर्ची खालच्या वॉचमनची आहे. सेल विंगवाल्यांनी फोन केला की पोडियमवर कुणीतरी काठी घेऊन बसलंय.

नाना ११०४, ११.२४
त्यांना सांगा, दीडपर्यंत आहे.

सेक्रेटरी ९०१, ११.२५
सांगितलं. ते विचारतायत कुरडया विकत मिळतील का.

माई १४०२, ११.३१
आधी त्या पोराची चादर द्या म्हणावं.